वसत्या घराची खरेदी

रिकामे घर विकत घेणारा मनुष्य जमीन, भिंती आणि छप्पर यांचा मोबदला देतो. परंतु ज्या घरात दुसऱ्या कोणाचा संसार अद्याप चालू आहे, असे घर घेणारा या तिन्हींच्या जोडीला विक्रेत्याने आजवर केलेले करार, घेतलेली उचल, दिलेली वचने आणि भाऊबंदकीत अर्धवट सोडलेले हिशेबही विकत घेत असतो, मग खरेदीखतात त्यांचा उल्लेख असो वा नसो. अशा घराचा भाव सहसा उतरलेला असतो, आणि तो उतरलेला भाव पाहूनच पुष्कळ खरेदीदार मोहात पडतात. तो भाव का उतरला, त्या उतरलेल्या अंशाचा खरा धनी कोण, आणि दस्तावर सही होण्यापूर्वी कोणते प्रश्न कोणाला विचारावेत, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

त्यासाठी कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांमध्ये वसलेल्या कुंभकोणम नगराचे उदाहरण सोयीचे आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या या मुलखात मराठी घराणी राजकारभाराच्या निमित्ताने स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. आणि मराठी दरबारातील दबिराच्या पदाची आठवण देणारे दबीर रस्ते या गावात आजही आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथील जुन्या घराची रचना. अग्रहारातील घर रुंदीला बेताचे आणि लांबीला अफाट असते. दोन शेजाऱ्यांची भिंत बहुधा सामाईक असते. रस्त्यालगत ओटा म्हणजे तिण्णै, आत उघडा चौक म्हणजे मुट्रम, त्याच्या कडेने माजघरासारखे कूडम, आणि सर्वांत शेवटी विहिरीचे परसू म्हणजे कोल्लै, अशी एकामागून एक दालने लागत जातात. असे घर वाटणीला फार सोयीचे: पुढचा ओटा-कोठीचा भाग दुकानदाराला, मधला भाग धाकट्या भावाला, मागचा भाग विधवा आत्याला आणि माडी कॉलेजच्या मुलांना, अशी योजना एकही नवी भिंत न घालता होऊ शकते. भाड्याने दिलेल्या अशा तुकड्याला तेथील बोलीत सरसकट 'पोर्शन' असेच म्हणतात.

गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील घर हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. वडील कापडाच्या दुकानात कारकून, मिळकत तुटपुंजी. म्हणून आईने कॉलेजात शिकणारे विद्यार्थी घरात ठेवून घेतले, आणि त्याच विद्यार्थ्यांकडून त्या मुलाला वरच्या इयत्तांचे गणित लवकर हाती लागले. हेच घर पुढे २००३ साली शास्त्र विद्यापीठाने विकत घेऊन स्मारक म्हणून जतन केले. एका छपराखाली मालक आणि परका यांनी एकत्र नांदणे ही या गावात अपवादाची बाब नव्हती, हे त्यावरून ध्यानी येते.

आता मुख्य सिद्धान्ताकडे वळू. घरात प्रत्यक्ष राहणारा मनुष्य हाच त्या घराचा पहिला दस्तऐवज होय, असे कायदा मानतो. इंग्लंडात १८०९ साली लॉर्ड एल्डन यांच्यापुढे एका पानगृहाच्या मालमत्तेचा वाद आला होता. तेथे भाडेकरू म्हणून राहणाऱ्या इसमाशी मालकाने पूर्वीच विक्रीचा करार केला होता आणि नंतर तीच मालमत्ता दुसऱ्याला विकली होती. नव्या खरेदीदाराने, आपणास तो केवळ भाडेकरू वाटला, असा बचाव केला; परंतु वहिवाट करणाऱ्याचे हक्क काय आहेत याची चौकशी करणे हे खरेदीदाराचेच काम होते आणि ती न केल्यास सर्व हक्क त्यास ठाऊक होते असेच धरले जाईल, असा निर्णय झाला. हेच तत्त्व १९२९ च्या दुरुस्तीने आपल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या, म्हणजे १८८२ च्या कायद्याच्या, तिसऱ्या कलमात स्पष्टीकरणाच्या रूपाने आले: स्थावर मिळकत घेणाऱ्यास, ती ज्याच्या प्रत्यक्ष कब्जात आहे त्याच्या हक्काची, तसा हक्क असल्यास, जाणीव होती असे समजण्यात येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अशाच एका प्रकरणात, भाडेकरूच्या हाती विक्रीचा जुना करार असताना त्याला न विचारता मिळकत घेणाऱ्या खरेदीदारांना याच स्पष्टीकरणाने बांधून धरले. तात्पर्य, निबंधकाच्या दप्तरात काहीच आढळले नाही एवढ्याने खरेदीदार निर्दोष ठरत नाही. दार ठोठावून विचारले होते काय, हा प्रश्न त्याला विचारला जातोच.

कुंभकोणमात दार ठोठावले असता जी उत्तरे मिळू शकतात, त्यांतील पहिले आणि सर्वांत सोपे उत्तर म्हणजे 'मी भाडेकरू आहे' हे होय. त्याच कायद्याच्या १०९ व्या कलमानुसार नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येऊन बसतो. भाडेकरूने त्याला मालक म्हणून स्वतंत्र कबुली दिलीच पाहिजे असे नाही, आणि केवळ विक्री झाली म्हणून भाडेपट्टा संपतही नाही. मात्र विक्रीपूर्वीची थकबाकी, तसा वेगळा करार नसल्यास, जुन्या मालकाचीच राहते; आणि विक्रीची खबर नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला दिलेले भाडे त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. म्हणून खरेदीच्या दिवशीच उभयतांच्या सहीने भाडेकरूला लेखी सूचना जावी, आणि त्याची अनामत रक्कम किती, ती कोणाकडे आहे व कोण परत करणार, हे खतात लिहिलेले असावे.

तमिळनाडूत भाड्याचा १९६० चा जुना कायदा आता इतिहासजमा झाला असून २२ फेब्रुवारी २०१९ पासून २०१७ चा नवा अधिनियम अमलात आहे. त्याने भाड्याचा करार लेखी असण्यावर आणि तो भाडे प्राधिकाऱ्याकडे नोंदविण्यावर भर दिला आहे, व असा करार न होणे हे जागा परत मागण्याच्या कारणांपैकी एक केले आहे. परंतु पाणी अथवा वीज तोडून भाडेकरूला हैराण करण्यास तो कायदा स्पष्ट मनाई करतो. महाराष्ट्रातील वाचकाला पागडीची परंपरा ठाऊक असते, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती मान्य करून टाकल्यामुळे भाडेकरूच्या हक्काला आपल्याकडे उघड बाजारभाव आहे. दिल्लीच्या भाडेकायद्यात तर वसते घर विकत घेणाऱ्यास, स्वतःच्या निकडीचे कारण सांगून भाडेकरूला काढण्यासाठी पाच वर्षे थांबावे लागते. ज्या प्रांतात घर घ्यावयाचे त्या प्रांताचा कायदा वाचल्यावाचून, आपल्या गावच्या अनुभवावर विसंबून इसार देणे म्हणूनच धोक्याचे.

दुसरे उत्तर परप्रांतीय खरेदीदाराला चकवणारे असते. 'भाडे देत नाही. भोग्यावर आहे,' असे राहणारा सांगतो. या पद्धतीत राहणारा मनुष्य मालकाला एकरकमी मोठी रक्कम देतो, ठरलेल्या मुदतीपर्यंत घरात बिनभाड्याने राहतो, आणि मुदत संपताच आपली रक्कम पूर्ण परत घेऊन घर सोडतो. मालकाला बिनव्याजी भांडवल मिळते आणि राहणाऱ्याला बिनभाड्याचे छप्पर. व्यवहाराच्या अटी पाहता हा पुष्कळदा भाडेपट्टा नसून कब्जेगहाणच असतो, आणि मग घर विकत घेणारा त्या गहाणासकटच ते घेतो. येथे दोन खाचखळगे आहेत. असे कागद बरेचदा साध्या मुद्रांकावर होतात आणि नोंदविले जात नाहीत, त्यामुळे तमिळ लोक ज्याला विल्लंगम म्हणतात तो बोजाचा दाखला कोरा निघतो. आणि कब्जेगहाणाची मुक्तता केवळ वर्षे लोटली म्हणून बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले असले, तरी पैसे चुकते केल्याशिवाय कब्जा मागण्याचीही सोय नसते. विक्रेत्याने ती रक्कम केव्हाच खर्च करून टाकलेली असते; म्हणून भोग्याची रक्कम खरेदीच्या किमतीतून वजा करून, तिघांच्या समक्ष, घराची किल्ली हाती येत असताना ती राहणाऱ्याला थेट द्यावी, हाच सुरक्षित मार्ग.

तिसरे उत्तर राहणाऱ्याकडून नव्हे, तर पायाखालच्या जमिनीकडून येते. देवळांच्या या नगरीत अनेक घरांच्या भिंती एकाच्या आणि जमीन देवस्थानची असते. घरमालक देवळाला अडिमनैचे, म्हणजे तळजमिनीचे, भाडे भरत असतो. अशा ठिकाणी जो स्वतःला विक्रेता म्हणवितो तोच मुळात भाडेकरू असतो. १९५९ च्या हिंदू धर्मादाय कायद्याच्या ३४ व्या कलमान्वये देवस्थानच्या स्थावराची विक्री, गहाण अथवा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा आयुक्तांच्या मंजुरीवाचून वैध ठरत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणाऱ्यांना मद्रासच्या १९२१ च्या भाडेकरू संरक्षण कायद्याने बांधकामाची भरपाई आणि काही अवस्थांत जमीन विकत घेण्याचा हक्क दिला होता. परंतु १९९६ च्या दुरुस्तीने धार्मिक संस्थांच्या जमिनी त्यातून वगळल्या. तेव्हा 'चार पिढ्या राहत आहोत' हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये. पट्टा कोणाच्या नावे आहे आणि नगर भूमापनाच्या नोंदवहीत मालक म्हणून कोण लागलेला आहे, हे आधी पाहावे. आपल्याकडील सिटी सर्व्हेच्या उताऱ्याचे जे महत्त्व, तेच तेथे या नोंदवहीचे.

आता नातेवाईक. भाडेकरूपाशी निदान एक पावती तरी असते. नातेवाइकाजवळ कागद नसतो, आणि म्हणूनच त्याचा हक्क एकतर काहीच नसतो किंवा विक्रेत्याच्या हक्काइतकाच मोठा असतो. मालकाच्या मेहरबानीने राहणारा भाचा हा केवळ परवानगीने बसलेला असतो. ती परवानगी काढून घेता येते, आणि मालकाचा हक्क उघडपणे नाकारल्यावाचून त्याच्या वास्तव्याची वर्षे त्याला मालक बनवीत नाहीत. परंतु त्याच ओट्यावर बसलेला चुलत भाऊ हा सहहिस्सेदार निघाला तर सारा हिशेब बदलतो. मद्रास आणि मुंबई या दोन्ही प्रांतांत रूढ असलेल्या मिताक्षरेच्या शाखांनुसार एकत्र कुटुंबातील सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन परक्याला विकता येतो. उत्तरेकडील मिताक्षरा इतकी उदार नाही. ही सवलत खरेदीदाराला सापळ्यासारखी ठरते, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ४४ वे कलम म्हणते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घरात सामाईक कब्जा मिळणार नाही. त्याने वाटणीचा दावा लावावा. आणि तो लावताच १८९३ च्या वाटणी अधिनियमाचे चौथे कलम घरातील हिस्सेदाराला अशी मुभा देते की न्यायालयाने ठरविलेल्या किमतीत त्यानेच परक्याचा हिस्सा विकत घेऊन त्याला उंबऱ्याबाहेरच निरोप द्यावा. ज्याने अर्धे घर स्वस्तात मिळाले म्हणून पेढे वाटले, त्याच्या हाती वर्षांनंतर घर न येता केवळ रक्कम येते.

घरातील स्त्रियांच्या हक्कांकडे जुन्या खरेदीदारांनी काणाडोळा केला तरी चालून जाई. आता तसे नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेच्या मर्यादित हक्काला पूर्ण मालकीचे रूप दिले. तमिळनाडूने २५ मार्च १९८९ पासून, महाराष्ट्राने १९९४ साली, आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतः सहदायाद केले. केंद्राची दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरविले. म्हणजे चेन्नईस किंवा पुण्यास नांदणारी, घरात न दिसणारी बहीणही त्या घरात हिस्सेदार असू शकते. घरात दिसणाऱ्या सुनेची गोष्ट निराळी: तिची मालकी नसली तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि २०२० च्याच ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने, सासूसासऱ्यांच्या मालकीचे घरही असे सामाईक घर ठरू शकते असा निर्णय दिला. वृद्ध आईने सांभाळाच्या अटीवर मुलाला बक्षीसपत्र करून दिले असेल आणि मुलगा अट मोडून घर विकायला निघाला असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या कायद्याचे २३ वे कलम ते बक्षीसपत्रच रद्द करण्याचा मार्ग उघडा ठेवते. मागच्या खोलीतील म्हातारीशी दोन शब्द न बोलता झालेली खरेदी किती पोकळ असू शकते, हे यावरून समजावे.

ज्याला राहणाऱ्याची पर्वा करावी लागत नाही असा घेणारा इतिहासात एकच, आणि तो म्हणजे सार्वभौम सत्ताधारी. याचे उदाहरण याच मुलखात घडले. तुळजा राजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींना १७९८ साली तंजावरची गादी मिळाली तेव्हा तिच्यावर त्यांचे चुलते अमरसिंह विराजमान होते. ईस्ट इंडिया कंपनीने चुलत्यांना पदच्युत केले खरे, पण कुंभकोणमपासून सुमारे आठ किलोमीटरवरील तिरुविडैमरुदूर येथे त्यांच्या वास्तव्याची आणि निर्वाहाची तजवीज करून दिली. पुढे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी दुसरे शिवाजी राजे पुत्रहीन वारले. कंपनीने संस्थान तर खालसा केलेच, परंतु राण्या राहत असलेल्या वाड्यासह राजाची खासगी मिळकतही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावून तो जिंकला. मात्र १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने, कंपनीच्या बाजूने कायदेशीर हक्काचा आधार सापडणे कठीण आहे असे बोलून दाखवीत, ही राज्यसत्तेची कृती असल्यामुळे न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही असा निकाल दिला. १८६२ साली सरकारने ती मिळकत राण्यांना परत केली ती हक्क म्हणून नव्हे, तर मेहरबानी म्हणून. खरेदीदार आणि विजेता यांच्यातील भेद यात पुरता दिसतो. विजेता पूर्वीच्या धन्याची बंधने झुगारून मिळकत घेतो. खरेदीदाराला ती विक्रेत्याच्या हातून आणि म्हणून विक्रेत्याच्या बंधनांसहच घ्यावी लागते. जे विक्रेत्यापाशी नव्हते ते त्याला मिळत नाही, आणि राहणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा हक्क विक्रेत्यापाशी नसेल तर तो कितीही पैसे देऊन विकत घेता येत नाही.

ही मर्यादा न ओळखणारे लोक खरेदीनंतर कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर ठेवणे असले पुरुषार्थ करू पाहतात. १९६३ च्या विशिष्ट दिलासा अधिनियमाचे सहावे कलम अशांसाठीच आहे: ज्याला कायदेशीर मार्गावाचून बेदखल केले गेले, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावल्यास, मालकी कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून त्याला कब्जा परत मिळतो. म्हणजे जो खरा मालक आहे तोही या दाव्यात हरतो. उलटपक्षी न्यायालयाच्या हुकुमाने मिळणारा कब्जाही दोन प्रकारचा असतो. प्रत्यक्ष आणि नाममात्र. जिथे हक्काचा भाडेकरू बसलेला आहे, तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या आदेशातील ३६ व्या नियमाप्रमाणे कब्जाच्या हुकुमाची प्रत दर्शनी जागी डकवून आणि दवंडी पिटून कब्जा 'दिला' जातो. ढोल वाजतो, मालक बदलतो, आणि आतील बिऱ्हाड जसेच्या तसे राहते. खरेदीखतात 'कब्जा दिला' असे लिहिलेले असले तर तो यांपैकी कोणता, हे म्हणूनच स्पष्ट करून घ्यावे लागते.

चौकशीचा क्रमही सांगितला पाहिजे. प्रथम विक्रेत्याला सोडून एकट्याने घरी जावे, आणि राहणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाला चार प्रश्न विचारावेत: आपण कोणाच्या परवानगीने राहता, काय आणि कोणाला देता, आपल्यापाशी कोणता कागद आहे, आणि हे घर विकत घेण्याबद्दल आपले कोणाशी काही बोलणे झाले आहे काय. त्यानंतर विजेचे देयक आणि घरपट्टी कोणाच्या नावे येते ते पाहावे, कारण नावातील तफावत पुष्कळदा दडलेल्या हिस्सेदाराला उजेडात आणते. विल्लंगमचा दाखला शक्य तितक्या मागील वर्षांपासून घ्यावा, आणि न्यायालयात दावा चालू आहे काय हे स्वतंत्रपणे शोधावे. दावा चालू असता झालेली खरेदी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली असते. सर्व वारसांच्या, विशेषतः विवाहित मुलींच्या, सह्या विक्रेते म्हणूनच घ्याव्यात, निव्वळ साक्षीदार म्हणून घेऊ नयेत. शेवटी, जे बिऱ्हाड सोडून जाण्यास तयार असेल त्याच्याशी तिघांचा लेखी करार करावा, आणि किमतीचा लक्षणीय भाग प्रत्यक्ष रिकामा कब्जा मिळेपर्यंत राखून ठेवावा. जे बिऱ्हाड राहणारच आहे, त्याच्या अटी त्याच्याच सहीने कागदावर आणाव्यात.

हे सर्व केल्यावर उतरलेल्या भावाचा उलगडा आपोआप होतो. रिकाम्या घराची किंमत आणि वसत्या घराची किंमत यांतील अंतर ही विक्रेत्याने दाखविलेली उदारता नसून, ती राहणाऱ्याच्या हक्काची, त्याच्या मुदतीची आणि संभाव्य दाव्यातील वर्षांची बेरीज असते. हे अंतर बेरजेहून मोठे असेल तरच सौदा किफायतीचा. आणि एखादे बिऱ्हाड दारच उघडत नसेल, किंवा विक्रेता 'त्यांच्याशी बोलू नका, मी पाहून घेतो' म्हणत असेल, तर इसाराची रक्कम खिशातच ठेवावी; कारण उत्तर मिळाले नाही ही सबब पुढे चालणार नाही, आणि खरेदीदाराने विचारले असते तर जे कळले असते, ते सारे त्याला ठाऊकच होते असे धरून न्यायालय पुढे जाईल.